खळं

केयोनच्या इस्पितळात माझी खोली तळघरात आहे.
खिडकी वर, छताला चिकटलेली;
तिच्यातून माणसांचे फक्त बूट दिसतात,
आणि जूनमध्ये, म्हणजे चिलोए बेटावरच्या ऐन हिवाळ्यात,
बुटांवरचा चिखल.

ओतिल्दा मिलालोंकोचे बूट रबरी होते, डाव्याला ठिगळ.
सुकतीला खडकावरून शिणाणे काढताना
एक कवच तळहातात घुसलं. इतकंच.
कवचं काय, जन्मभर घुसतच आलीत, ती म्हणाली,
बटाटा किसून बांधते, दोन दिवसांत उतार पडतो.
यंदाच ऐकेना.
हात कोपरापर्यंत सुजलेला, तांबडा,
भट्टीतून काढलेल्या पावासारखा गरम.

तिच्या जखमेतून जे निघालं
ते वाढवून मी काचेच्या ताटलीत पसरलं.
वर कागदाच्या टिकल्या मांडल्या, आठ,
प्रत्येकीत एकेक औषध मुरलेलं.
रात्रभर उबेत ठेवायचं.
औषध लागू पडलं तर टिकलीभोवती
जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल उरतो,
चंद्राला पडतं तसं खळं.
ते पट्टीनं मोजायचं. मिलिमीटरमध्ये लिहायचं.
एकवीस वर्षं मी खळी मोजते आहे.

सकाळी ताटली उजेडाकडे धरली.
सात चंद्र, एकालाही खळं नाही.
सायीसारखा थर थेट टिकल्यांच्या काठाला भिडलेला,
एकीवर तर चढू पाहत होता.
आठवीभोवती होतं, जेमतेम,
नखाच्या कडेएवढं.

आधी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?
गोळ्या? ती आठवत राहिली.
लग्नाच्या आधी, दात काढला तेव्हा.
मी रकान्यात लिहिलं: नाही.
जिला एकाही औषधाचं नाव सांगता येत नव्हतं
तिच्या हातातल्या जंतूंना
सात औषधं तोंडपाठ होती.

संध्याकाळी तिचा मुलगा आला, रेमिहिओ,
अंगात कंपनीचं जाकीट, माशाच्या तेलाचा वास.
आईचा वॉर्ड शोधत चुकून माझ्या दाराशी.
ताटली टेबलावरच होती.
टिकल्यांवरची अक्षरं मुंगीएवढी;
त्यानं वाकून वाचली, मला विचारलं
ही कशाची, मी सांगितलं.
टेट्रा! तो म्हणाला,
वर्गात एकच उत्तर येणाऱ्या मुलाच्या उत्साहानं,
हे आमच्या पोत्यावर असतं!
सॅमनला फोड आले की सहा नंबरच्या पिंजऱ्यात
रोज हेच खाणं. मीच ओततो.

मग त्याला आपलं बोलणं ऐकू आलं.

मी म्हणायला हवं होतं
की इतकं सरळ नसतं रे,
कुणी कुणाला काय शिकवलं याची समुद्र वही ठेवत नाही,
आणि माझ्या बेसिनचं पाणीही
त्याच खाडीत जातं.
काहीच म्हणाले नाही. पट्टी पुसत बसले.

मासे बरे होतात, तो थोड्या वेळानं म्हणाला.
सगळे नाही. जो खरा आजारी तो तोंडच लावत नाही.
उरलेलं खाली जातं.
खाली कोण असतं, ते कधी बघितलं नाही.

आठवं औषध प्वेर्तो मोंतहून बोटीनं आलं.
चौदा दिवस, शिरेतून.
हात वाचला. करंगळी नाही.
ताटली मी वाफेच्या भांड्यात घातली,
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं, नियमाप्रमाणे.
खिडकीतून बूट दिसत होते,
त्यांच्यापलीकडे भरती चढत असणार.

ऑगस्टात दाराशी एक बादली आली.
शिणाणे, वर ओलं शेवाळ झाकलेलं,
नऊ बोटांनी काढलेले. सोबत चिठ्ठी:
नीट उकडून खा.

त्या रात्री धुकं विरलं.
पिंजऱ्यांच्या दिव्यांवर चंद्र आला,
भोवती हे एवढं मोठं खळं.
इथले म्हातारे म्हणतात, खळं पडलं की पाऊस.
मी एक डोळा मिटला, हात लांब केला
आणि खिशातली पट्टी त्याला लावली.